यादीतली चौथी ओळ

४ नोव्हेंबर, सोमवार

उंदरांनी कोपरा कुरतडला म्हणून प्रयोगशाळेतली एक जावक वही बाद झाली होती, ती डॉक्टरांना विचारून घेतली. कागद कुठे मिळत नाही आणि लिहिल्याशिवाय माझी दुपारची सुट्टी जात नाही. पानांवर छापील रकाने आहेत: क्रमांक, दिनांक, कोणास, विषय, उत्तर अपेक्षित आहे का. मी रकान्यांवरून आडवीच लिहिणार.

काल वन्संनी विचारलं, "तुम्ही तिथे नक्की करता तरी काय गं?" ह्यांची थोरली बहीण, इतकी वर्षं एका घरात राहतो आणि हे आत्ता विचारलं. मी सांगितलं, रक्तातला पातळ भाग सुकवून त्याची पूड करतात. ती काचेच्या कुपीत भरायची, आतली हवा काढायची आणि कुपीचं तोंड आचेवर बंद करायचं. आघाडीवरच्या इस्पितळात ती फोडतात, पूड पाण्यात विरघळवतात आणि जखमी माणसाच्या शिरेत सोडतात. वन्सं म्हणाल्या, "आणि त्यात तू काय करतेस?" म्हटलं, पत्रं.

आज एकोणतीस आली. अकरा युद्धखात्याची, त्यांतल्या चारांत एकच प्रश्न चार तऱ्हांनी विचारलेला. स्पिरिट का मिळालं नाही याचा खुलासा स्पिरिट मागणाऱ्यांनीच करावा, असं एकात होतं. एका इस्पितळाने कळवलंय की पूड पोचली, आता ती विरघळवायला पाणी पाठवा. लढाईआधी डॉक्टर सशांवर प्रयोग करत होते तेव्हा वर्षाला दहा-बारा पत्रं यायची. त्यांतली निम्मी एका परदेशी मित्राची. तो देश आता शत्रूचा. डॉक्टर अजून त्याला दर महिन्याला पत्र सांगतात, मी टाइप करते आणि "युद्धानंतर" नावाच्या फाईलला लावते. फाईल आता दोरीत मावत नाही.

७ नोव्हेंबर

आघाडीवरच्या एका सर्जनचं पत्र. पेटी ३८ मधल्या बारा कुप्यांपैकी पाच वाटेत तडकल्या, पूड ओली होऊन चिकटली, आणि त्या रात्री त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. त्याच गाडीतून आलेल्या पेटी ६ मधली एकही तडकलेली नाही. "पेटी ६ च्या कुप्या ज्या कारागिराने केल्या, पुढच्या त्याच्याकडूनच करून घ्याव्यात."

पेटी ६ ह्यांची आहे. ह्यांनी करून ठेवलेल्या रिकाम्या कुप्या डॉक्टरांनी कपाटात बंद करून ठेवल्यात आणि फक्त सगळ्यांत लांबच्या इस्पितळांना देतात. आता तीन पेट्या भरतील एवढ्याच उरल्या आहेत.

डॉक्टरांनी उत्तर सांगितलं. "आपली सूचना नोंदवून घेतली आहे. संबंधित कारागीर..." इथे थांबले. खिडकीला काळा कागद चिकटवलेला आहे, तरी ते बोलताना खिडकीकडेच बघतात. मग म्हणाले, "सध्या उपलब्ध नाही."

मी "सध्या" टाइप केलं. मजकूर वाचून दाखवला. त्यांनी काही बदल सांगितला नाही.

१२ नोव्हेंबर

गुणगुण्याने आज पुन्हा नऊ कुप्या फोडल्या. तो ह्यांच्या हाताखाली मदतनीस होता. आता ह्यांच्या स्टुलावर बसतो, ह्यांचाच चष्मा लावतो आणि दिवसभर नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणतो, म्हणून हे नाव. कुठलं गाणं ते कळत नाही. एकच तुकडा, मधेच तोडलेला, पुन्हा पहिल्यापासून. माझं टेबल भिंतीच्या अलीकडे. डोकं उठतं.

तुटफुटीचा आकडा घ्यायला मी त्याच्या दाराशी उभी राहते. आत जात नाही.

"किती?"

"नऊ, वहिनी. पण फुटल्या म्हणू नका. बिचाऱ्यांना काहीतरी बोलायचं होतं, तोंड बंद करू देईनात."

"खात्याला असं लिहू का?"

"लिहा की. तिथे तरी कोण वाचतंय?"

मला हसू आलं नाही. ते त्याला दिसलं असावं, कारण मागे फिरल्यावर दोन मिनिटं गुणगुण बंद होती.

१९ नोव्हेंबर

टपाल आलं नाही. पूल पडला म्हणतात, कोणता ते सांगत नाहीत. शिळ्या फाईली शिवल्या.

नऊ महिने झाले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

यादीचा दिवस.

दर महिन्याच्या पंचवीस तारखेला खात्याकडे एक यादी जाते: आघाडीवर पाठवू नयेत अशा अत्यावश्यक कर्मचाऱ्यांची. पगाराच्या वहीशी तिचा संबंध नाही. या यादीत नाव असलेला माणूस घरी राहतो, एवढंच तिचं काम. आमची सात नावं आहेत. खाली छापलेलं असतं की माहिती खोटी आढळल्यास सही करणारा शिक्षेस पात्र राहील.

चौथ्या ओळीवर ह्यांचं नाव आहे. काच कारागीर. शेरा: हजर.

हे मी आजवर कुठेच लिहिलेलं नाही. आता लिहिते. हे १९ फेब्रुवारीला गेले, चार दिवसांच्या तापात. लढाईपासून त्यांना यादीने वाचवलं, तापाला यादी माहीत नव्हती. सहाव्या दिवशी मी कामावर आले, कारण कारकुनाला आधीच आघाडीवर नेलं होतं आणि टपालाचा ढीग माझ्या कमरेइतका झाला होता. यादी मी नेहमी मागच्या महिन्याची स्थळप्रत समोर ठेवून टाइप करते. फक्त तारीख बदलायची. तशीच केली. डॉक्टर सही करतात ते कागद न वाचता. वाचायला बसलो तर सही करायला वेळ कुठला, असं म्हणतात. यादी गेली.

मार्चमध्ये चौथ्या ओळीवर आले तेव्हा बोटं थांबली. तेव्हाच सांगायचं होतं. मी ती ओळ टाइप केली.

घरात मी ह्यांना कधी नावाने हाक मारली नाही. "अहो" म्हटलं की पुरायचं. आता वन्संही "माझा भाऊ" म्हणतात, डॉक्टर "तुमचे मिस्टर" म्हणतात, गुणगुण्या "दादा" म्हणतो. ह्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, महिन्यातून एकदा या एका ओळीवर येतं. आज दहावी वेळ. डॉक्टरांना माहीत नाही. सही करताना आज जरा वेळ लागला त्यांना. बोटं आखडली होती, थंडी आहे.

२६ नोव्हेंबर

यादीची स्थळप्रत फाईलला लावताना ह्यांच्या ओळीशेजारी पेन्सिलीचा ठिपका दिसला. मागच्या महिन्याच्या प्रतीवरही आहे. डॉक्टर विचार करताना पेन्सिल कागदावर टोचत बसतात, कुठेही ठिपके पडतात. मी रबराने पुसणार होते, पण कार्बनची अक्षरं फिसकटतील म्हणून राहू दिला.

३ डिसेंबर

खात्याचा आदेश आला. अत्यावश्यक कर्मचारी सातऐवजी सहा. कमी करायचं पद शक्यतो मदतनीस दर्जाचं असावं. डिसेंबरच्या यादीत ज्याचं नाव नसेल त्याने २ जानेवारीला भरती केंद्रावर हजर व्हावं.

आमच्याकडे मदतनीस एकच आहे.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांना काही वाचताना बघायची सवय नाही, म्हणून लक्षात राहिलं.

"बाई, साताचे सहा कसे करायचे?"

"तुम्ही शास्त्रज्ञ. मी काय सांगणार?"

"वजाबाकी आम्हाला येत नाही. ती खात्याकडे असते." मग पत्र माझ्याकडे सरकवलं. "पंचवीस तारखेपर्यंत वेळ आहे. तुम्हीही बघा."

मी काय बघणार? पत्र फाईलला लावलं.

५ डिसेंबर

गुणगुण्याला घरी नोटीस आली. सकाळी माझ्या टेबलापाशी आला आणि कागद नाचवला.

"वहिनी, आमंत्रण आलंय."

"कसलं?"

"लढाईचं. यादीत नाव नसेल त्याला. जेवणाखाण्याची सोय त्यांची. जोडे मिळणार की नाही ते लिहिलेलं नाही, धाकटीने खास विचारलंय." त्याला दोन मुली. बायको इस्पितळाच्या धोबीघरात काम करते. "यादी तुम्हीच टाइप करता ना? माझं नाव तेवढं ठळक करा."

"टाइपरायटरला ठळक येत नाही."

"मग दोनदा मारा. एकावर एक."

हसला. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. भाजलेली, टोकं काळी पडलेली बोटं. ह्यांचीही तशीच होती. मी मान खाली घालून पाकिटं फोडत राहिले.

८ डिसेंबर, रविवार

वन्संना सांगितलं. कोणालातरी सांगायलाच हवं होतं.

त्या डाळ निवडत होत्या. हात थांबला. "म्हणजे माझा भाऊ तिकडे कागदावर जिवंत आहे?"

"हो."

"फेब्रुवारीपासून?"

"हो."

मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "आणि मला सांगितलं नाहीस. एकटीनेच ठेवून घेतलास."

डाळ दोनदा निवडली. मग म्हणाल्या, "त्या गुणगुण्याला पाठवणार का मग?"

"यादीत सहाच मावतात."

"मग कळव की आत्ता गेला. मागच्या आठवड्यात. तापाने म्हण, ते खरंच आहे. कोण बघायला येतंय? डॉक्टरवर बालंट नको, तुझ्यावर नको, तो माणूस घरी राहील."

वन्सं शाळेत कधी गेल्या नाहीत. पण खात्यात असत्या तर लढाई एव्हाना आटपली असती.

११ डिसेंबर

वन्संनी सांगितलं तसं पत्र टाइप केलं. "या कार्यालयातील काच कारागीर यांचे दिनांक ३ डिसेंबर रोजी अल्पशा आजाराने निधन झाले." सरकारी भाषेत ते अगदी खरं वाटत होतं. चूक शोधावी म्हणून वाचलं. चूक नव्हती.

पण ३ डिसेंबरला मी कपडे भिजवले. टपाल फोडलं. दुपारी पाव खाल्ला, तो कडक होता. त्या दिवशी आमच्या घरातून कोणी गेलं नाही. १९ फेब्रुवारीला सकाळी साडेसहाला हे म्हणाले, "पाणी जरा ऊन कर." मी चूल पेटवायला गेले. लाकडं ओली होती. पाणी ऊन व्हायला वेळ लागला, तेवढ्या वेळात ते गेले. त्या सकाळी मी चुलीपाशी फुंकत बसले होते, आणि त्या दिवशी मी गावाला गेलेली असते, तर ती तिथे नव्हती एवढं तरी म्हणता आलं असतं. मी होते. पलीकडच्या खोलीत होते. ती तारीख माझी आहे, खात्याच्या सोयीसाठी ती पुढे ढकलता येणार नाही.

मजकूर शाईने खोडला. पाठची बाजू कोरी, म्हणून कापून कुप्यांवर लावायच्या चिठ्ठ्या केल्या.

म्हणजे प्रश्न होता तिथेच राहिला. नुसतं नाव गाळलं तर २ जानेवारीला खातं ह्यांनाच शोधत येईल. खरं लिहिलं तर दहा खोट्या याद्या डॉक्टरांच्या सहीच्या. त्यांना नेलं तर ही जागाच बंद पडेल. नाही लिहिलं तर २ जानेवारी. दोन्ही बाजूंनी विचार केला आणि मग बावीस पत्रं उरली होती ती लिहिली.

१४ डिसेंबर

आज आत गेले.

तुटफूट तेरा. दाराशी उभं राहून आकडा विचारला, तर तो वळलाच नाही, नळी आचेत धरलेली आणि गुणगुण चालू. मला राग आला. दहा महिन्यांत पहिल्यांदा उंबरा ओलांडला आणि म्हणाले, "जरा गप्प बसून काम होत नाही का?"

नळी पूर्ण करून त्याने मान वर केली. "गप्प बसलो तर फुटते, वहिनी."

"काय म्हणजे?"

"घड्याळाकडे बघता येत नाही ना. नजर आचेवरून हलली की काच गेली. मग मोजायचं कसं? दादा गुणगुणायचे. दोन ओळी. पहिल्या ओळीला काच लाल, दुसरी संपता संपता पिवळी, की खेचून तोंड बंद. हे तर त्यांचंच गाणं. पुढच्या ओळी मी मागितल्या, तर म्हणाले, पुढचं लागत नाही."

"हे गुणगुणायचे?"

"दिवसभर. घरी नाही?"

"घरी नाही."

त्याने नवी नळी घेतली, आच मोठी केली, सुरुवात केली. भिंतीपलीकडून दहा महिने ऐकलेलं तेच. पण आता काच समोर होती आणि मला दिसलं: गाणं संपलं तेव्हा काच अजून नारिंगी होती. त्याने खेचली. बारीक आवाज झाला आणि चौदावी गेली.

"दम पुरत नाही मला त्यांच्याएवढा," तो म्हणाला.

"दमाचं नाही ते. तुम्ही घाईत म्हणता." मी स्टुलाशेजारच्या पेटीवर बसले. "ते कुठलीच गोष्ट घाईने करत नसत. एक कप चहा अर्धा तास प्यायचे, मी कंटाळून कप विसळायला ओढून घ्यायची. सावकाश म्हणा."

"किती सावकाश?"

मला गाता येत नाही. पण ह्यांच्या चालण्याची, बोलण्याची, बटणं लावण्याची चाल मला ठाऊक आहे. मी मांडीवर बोटांनी ठेका धरला, तो जिना चढताना ह्यांचे पाय पडत तसा. तो त्याच्यावर गुणगुणायला लागला. अर्ध्यात त्याचा धीर सुटत होता, मी बोट वर करून थांबवलं. काच पिवळी झाली. खेचली.

फुटली नाही.

संध्याकाळपर्यंत एकवीस केल्या. दोन गेल्या. मी टपाल उद्यावर टाकलं, हे या वर्षात पहिल्यांदा.

१७ डिसेंबर

पत्र लिहिलं. माझ्याच नावाने, हाताने, कारण यात टाइपरायटरचा काही दोष नाही.

"मी या कार्यालयात पत्रव्यवहार पाहते. माझे पती, काच कारागीर, १९ फेब्रुवारी रोजी वारले. माझ्या चुकीने त्यांचे नाव त्यानंतरच्या दहा याद्यांत हजर म्हणून गेले. डॉक्टर कागद न वाचता सही करतात, त्यामुळे त्यांना याची कल्पना नाही. उरलेली सहा नावे खरी आहेत, ती माणसे रोज कामावर येतात."

"पती" हा शब्द मी कधी वापरला नव्हता. शब्दकोशात बघून ऱ्हस्वदीर्घ तपासलं. वाचायला मी उशिरा शिकले. हे काचेच्या पेट्यांतली रद्दी घरी आणायचे, तिच्यावर. एका गोष्टीचं तिसरं पान आणि सातवं पान मिळालं होतं, मधली पानं अजून मिळालेली नाहीत.

१८ डिसेंबर

सह्यांच्या कागदांत पत्र सगळ्यांत वर ठेवलं. मी म्हणाले, "हे आज वाचून घ्या."

डॉक्टरांनी चष्मा लावला. वाचलं. रागावतील म्हणून मी उभीच राहिले होते. ते म्हणाले, "बाई, यात एक चूक आहे."

"कोणती?"

त्यांनी उठून कपाटातून याद्यांची फाईल काढली. एकेक स्थळप्रत टेबलावर मांडली, पत्ते मांडावेत तशी. "ही फेब्रुवारीची. ठिपका नाही. इथे माझं खरंच लक्ष नव्हतं. ही मार्चची." बोट ठेवलं. ठिपका. "एप्रिल. मे." नोव्हेंबरपर्यंत नऊ ठिपके, सगळे चौथ्या ओळीशेजारी, दुसऱ्या कुठल्याही ओळीशेजारी एकही नाही.

मी म्हणाले, "मला वाटलं, तुमच्या पेन्सिलीचं टोक..."

"टोक चांगलं आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलला नाहीत." चष्मा काढून पुसत बसले. "महिन्याच्या सगळ्या कागदांत मी तेवढी एक ओळ वाचत होतो. वाटलं, तुम्ही काढाल तेव्हा काढाल. मग हा सहाचा आदेश आला. अजून आठ दिवस वाट बघणार होतो, नंतर मीच बोललो असतो. बसा. मजकूर घ्या."

पत्र त्यांच्या नावाने गेलं. पहिली चूक कार्यालयाची, पुढच्या नऊ जाणूनबुजून, जबाबदारी सर्वस्वी सही करणाऱ्याची. मी हात थांबवला. "जाणूनबुजून कशाला? तुम्हाला नेतील."

"नेतील तर नेतील."

"मग पत्रं कोण लिहील?"

"आत्ता तरी कोण लिहितं?" म्हणाले आणि हसले. त्यांचे दात मी पहिल्यांदा बघितले.

"सदर कारागीर दिनांक १९ फेब्रुवारी रोजी..." इथे थांबले. "हा शब्द मी हाताने लिहू का?"

"नको," म्हटलं. "मी मारते."

जावक वहीत नोंद केली. उत्तर अपेक्षित आहे का: होय.

२५ डिसेंबर

यादी. या वेळी जुनी प्रत समोर ठेवली नाही. सहा ओळी. चौथ्या ओळीवर आता गाडीवान आले. सहाव्या ओळीवर गुणगुण्याचं खरं नाव दोनदा मारलं, एकावर एक. ठळक दिसतं.

डॉक्टरांनी सहाही ओळी वाचल्या आणि मग सही केली. फार वेळ लागला. मागे एकवीस कागद थांबले होते.

२९ डिसेंबर, रविवार

खात्याचं काही नाही. फाटकापाशी गाडीचा आवाज आला की आम्ही सगळेच माना वर करतो. काल कोळशाची होती.

डॉक्टरांनी शत्रूच्या देशातल्या मित्राला चार पानांचं पत्र सांगितलं. म्हणाले, पुढच्या महिन्यात सवड मिळेल न मिळेल. त्यात ह्यांच्याबद्दल एक परिच्छेद होता, कुपीच्या तोंडाबद्दल. काच पिवळी झाल्यावरच तोंड बंद केलं तर कुपी वाटेत तडकत नाही, हे ह्यांनी शोधून काढलं होतं ते मला त्यातून कळलं.

२ जानेवारी

गुणगुण्या वेळेवर कामावर. नोटीस रद्द झाल्याचा कागद कालच घरी पोचला.

"आपल्या म्हातारबा डॉक्टरांनी वाचवलं हो, वहिनी. कुणाला तरी गाळलं असणार माझ्याऐवजी. कुणाला?"

"तुम्हाला कशाला चौकशा?"

"नाही, पाया पडलो असतो त्याच्या."

"कुप्या करा," म्हटलं. "सावकाश."

आज पस्तीस. तुटफूट तीन.

९ जानेवारी

उत्तर आलं. अर्ध्या पानाचं. डॉक्टरांना सक्त ताकीद. या कार्यालयाच्या याद्यांवर, मागणीपत्रांवर यापुढे खात्याने नेमलेला अधिकारी सही करील. प्रयोगशाळेचं काम चालू ठेवावं. काच कारागिराचं पद रद्द. मयताचं ओळखपत्र सात दिवसांत परत करावं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि बोटं उघडमिट केली. "बरं झालं. हात दुखतच होता." मग खिडकीच्या काळ्या कागदाकडे बघत बसले. ही जागा त्यांनी एका खोलीपासून उभी केली. आता स्पिरिटची एक बाटली मागवायची तरी दुसऱ्याची सही. मी चहा करून आणला. त्यांनी अर्धा प्यायला.

१२ जानेवारी, रविवार

ओळखपत्र ट्रंकेतून काढलं. फोटोत ह्यांनी श्वास रोखलाय. फोटोवाल्याने "हलू नका" म्हटलं आणि ह्यांनी नळी फुंकताना धरतात तसा दम धरला, गाल किंचित फुगलेत. मी तेव्हा चिडवलं होतं.

वन्सं म्हणाल्या, "एक दिवस माझ्याकडे राहू दे." पदराला हात पुसून घेतलं. दिवसभर कमरेला खोचून हिंडल्या, भांडी घासतानासुद्धा. ह्या वेळी वाटणी बरोबर झाली.

१४ जानेवारी

सकाळी वन्संनी ओळखपत्र माझ्या हातात दिलं. कडेला ओलं झालं होतं, पदराने टिपलं होतं.

टपाल चोवीस. त्या सर्जनचं पत्र होतं: पेटी ४६ अखंड पोचली, कारागीर परत आले असल्यास आभार कळवावेत. डॉक्टर म्हणाले, याला तुम्हीच लिहा. लिहिलं: "ते कारागीर फेब्रुवारीत वारले. पेटी ४६ त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने केली आहे. आभार त्यांना कळवले." मग भिंतीपलीकडे जाऊन कळवून आले. गुणगुण्याची नळी आचेत होती, त्याने गुणगुणणं थांबवलं नाही, फक्त मान हलवली. दुसरी ओळ संपेपर्यंत मी थांबले.

परत येऊन ओळखपत्र पाकिटात घातलं, लाख लावली. ही नोंद खऱ्या जावक वहीत केली आहे, इथे उतरून ठेवते.

क्रमांक ६१. दिनांक १४ जानेवारी. कोणास: युद्धखाते, कर्मचारी शाखा. विषय: ओळखपत्र, एक, फोटोसह.

शेवटच्या रकान्यापाशी टाकातली शाई वाळली, पुन्हा बुडवावी लागली.

उत्तर अपेक्षित आहे का: नाही.